पडद्यावरचं माप

अल्ताफ तांबोळींना आमच्या शेडमध्ये सगळे चाचा म्हणतात. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत मोहनरावांची छोटी शेड आहे, तिथे पाइपांच्या सांध्यांत बसवायची रबरी पॅकिंगं कापतात. चाचा एकतीस वर्षं हेच काम करत आलेत. मी तिथली ड्रॉइंगवाली, वृषाली. चाचांच्या तोंडी 'इंजिनेरबाई'. तो मान होता की टोमणा, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कधीच कळलं नाही.

त्यांची कामाची पद्धत कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. मोठ्या कागदावर छापायचं यंत्र आमच्याकडे नाही, त्यासाठी इंदापूर गाठावं लागायचं. चाचांनी त्यावर तोड काढली. मी मॉनिटरवर ड्रॉइंग खऱ्या मापात उघडायची आणि ते पडद्यावर बटर पेपर धरून पेन्सिलीने गिरवून घ्यायचे, इतक्या हलक्या हाताने की काच जराही दबत नसे. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या दिवशी, त्यांनी पडद्याला स्टीलपट्टी लावून अर्धा तास माप तपासलं होतं. नंतर कधीच नाही. पडदा तोच, ड्रॉइंग उघडणारी तीच, मग रोज रोज काय तपासायचं?

एप्रिलमध्ये मी हट्ट करून मोहनरावांना नवा लॅपटॉप घ्यायला लावला. पडदा लहान, पण चित्र केसासारखं बारीक आणि स्पष्ट. त्याला जुना मॉनिटर जोडला आणि माझी परीक्षा सुरू झाली. लॅपटॉपवर अक्षरं मुंगीएवढी दिसत. ती मोठी केली की मॉनिटरवर भोपळ्याएवढी होत. दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून सेटिंगमधले टक्के कमीजास्त करत मी अख्खी दुपार घालवली. शेवटी जमलं. मी मोहनरावांना बोलावून दाखवलं, शाबासकीसुद्धा घेतली.

त्या खटपटीत मॉनिटरवरचं ड्रॉइंग किंचित आक्रसलं होतं. वीतभर लांबीला एक सूत, म्हणजे तीनेक मिलिमीटर. नुसत्या नजरेला ते कळत नाही. पट्टी लावली असती तर कळलं असतं, पण ती लावायचं माझ्या मनातच आलं नाही.

चाचांनी त्यावरून एका साखर कारखान्यासाठी साठ पॅकिंगं कापली. एकाचीही बोल्टची भोकं जुळेनात. कारखान्याच्या माणसाने गठ्ठा आणून शेडमध्ये आदळला आणि चारचौघांत म्हणाला, "चाचा, डोळं दाखवा आता कुणालातरी."

चाचांनी एक पॅकिंग उचलून आपल्याच बटर पेपरवर ठेवलं. कापणी रेघेबरहुकूम होती. म्हणजे गिरवतानाच हात चुकला, असा निवाडा त्यांनी स्वतःच देऊन टाकला. माझ्यावर किंवा पडद्यावर शंका घ्यावी, हे त्यांना सुचलंही नाही. "माझीच चूक हाय, मोहनराव," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून आपणहून कापणी सोडून गेटवर राखणीला जाऊन बसले. मोहनरावांनी अडवलं नाही.

त्या दुसऱ्या दिवशीच मी पडद्याला पट्टी लावली. एक सूत. पाच मिनिटांत टक्के दुरुस्त केले आणि मूग गिळून बसले. लॅपटॉप माझ्या हट्टाने आलेला, शेडमध्ये मी एकटी बाई, 'आमी म्हनलंच हुतं' म्हणायला सगळे टपलेले. अशी कारणं मी स्वतःला रोज देत होते. खरं एकच होतं, मी भेकड होते. सकाळी गेटवर चाचा "या, इंजिनेरबाई" म्हणायचे आणि मी मान हलवून आत जायची.

पुढे चाचा गेटवरही येईनासे झाले. रविवारी मी निमगाव केतकीला त्यांच्या घरी गेले. फरजानाचाची दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "बारामतीला न्हेऊन डोळं तपासून आनलं. डाक्टर म्हनला, नजर चांगली हाय. तवापास्नं ह्यांचं जेवनच तुटलंय."

नजर चांगली निघाल्यावर जेवण का तुटावं, मला कळेना. ओसरीवर चाचा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. त्यांनीच सांगितलं. "डोळं चांगलं हायेत, म्हंजे हात गेला न्हवं का? माझ्या बापाचं असंच झालंतं. आदी हात गेला, मग डोस्कं. शेवटाला आमालाबी वळखत न्हवता."

त्यांची वर्षाची नात, झोया, रांगत ओसरीच्या कडेला चालली होती. हाताच्या अंतरावर होती. चाचांनी हात काढले नाहीत. "फरजाना, पोरीला घे आदी," एवढंच घाईने म्हणाले. चाचींनी धावत येऊन तिला उचललं.

मग मला राहवेना. पडदा, टक्के, सूत, सगळं सांगून टाकलं. सांगताना रडले, त्याची मला आजही लाज वाटते. त्या घरात रडायचा हक्क माझा नव्हता.

चाचा म्हणाले, "तुला कवा कळलं?"

'काल' म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"दुसऱ्याच दिवशी," मी म्हणाले.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मांड्यांखालचे हात बाहेर काढले, उलटेसुलटे करून पाहिले.

"सोळा दिस झालं पोरी, हिला मी उचललं न्हाय," ते म्हणाले. "हातातनं पडंल म्हून. जवळ आली की तोंड फिरवायचो."

एवढं बोलून त्यांनी चाचींकडे दोन्ही हात पुढे केले. "दे हिकडं."

झोयाने त्या हातांकडे पाहिलं आणि चाचींच्या खांद्यात तोंड लपवलं.