हिरव्या शाईच्या खुणा

रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंना पेशंट पाठीमागे तराजूबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, थोडं आवडतही होतं. त्यांच्या खोलीत खुर्च्या दोन, वजनकाटा एक आणि दयामाया शून्य. पथ्य पाळलं त्या दिवशी तक्त्यावर खूण करायची, असा त्यांचा नियम. तक्ता हातात आला की त्या खुणा मोजत नसत, शाई बघत. "तीस दिवस एकच पेन, एकच दाब? बाहेर बाकावर बसून भरलात ना?" एवढं ऐकलं की भलेभले गार पडत.

मागच्याच आठवड्यात एका बसचालक काकांचा तक्ता त्यांनी सगळ्यांदेखत टराटरा फाडला होता. पन्नाशी उलटलेला, साखर वाढलेला माणूस. "माझ्याशी नाही, स्वतःच्या जिवाशी खोटं बोलताय," बाई म्हणाल्या. काकांनी खाली वाकून तुकडे वेचले, खिशात घातले आणि निघून गेले.

तर अशा या बाईंच्या घरी काचेच्या टाकीत लेकीचं एक कासव होतं, बटाट्या. लेक परगावी शिकायला गेली तेव्हा फ्रिजवर तक्ता लावून गेली. हिरवी पानं कधी, गांडुळं कधी, कॅल्शियमचा चुरा कधी, उन्हात किती वेळ. "आई, तुला काय सांगायचं म्हणा!" असं वर हसून म्हणाली.

पहिल्या दिवशी बाईंनी पानं टाकली. बटाट्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी आपल्या ताटातला चिकनचा तुकडा टाकला, तर गडी पाय मारत काचेपर्यंत धावला आणि मान उंच करून बघत राहिला. लेक गेल्यापासून त्या घरात बाईंना बघून इतकं खूश कुणीच झालं नव्हतं. मग रोज चिकनच. चार महिने! दिवसभर लोकांना जिभेचे चोचले बंद करायला सांगणारी बाई एका कासवाच्या जिभेपुढे हरली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. लेक दर रविवारी तक्त्याचा फोटो मागायची. त्याआधी बाई चहा पिता पिता आठवड्याच्या सगळ्या खुणा हिरव्या पेनाने एका दमात करून टाकायच्या.

एके सकाळी बटाट्याला त्याच्या दगडावर चढता येईना. बाईंनी उचलला, तर पाठ अंगठ्याखाली ओल्या पुठ्ठ्यासारखी दबली.

जनावरांच्या दवाखान्यात एकच खोली, मध्ये टेबल, भिंतीला बाक. बाकावर मांडीवर मांजर घेऊन नेमके बसचालक काका! डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाची होती. "खायला काय देता, काकू?" तिने विचारलं. बाईंनी घाईघाईने पिशवीतून तक्ता काढून पुढे केला.

"आहार तर उत्तम आहे," ती म्हणाली. "म्हणजे मूत्रपिंडाचं दुखणं असणार. इंजेक्शन सुरू करते. इतक्या अशक्त जिवाला ते झेपेलच असं नाही, पण इलाज नाही."

तक्ता टेबलावर पडला होता. काकांची नजर त्यावर गेली, हिरव्या शाईवर क्षणभर थांबली आणि परत मांजराकडे वळली. ते मांजराचा कान खाजवत राहिले. बाईंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. हा माणूस निदान स्वतःच्याच जिवाशी खोटं बोलला होता. आपण तर एका मुक्या जिवाच्या बाबतीत बोललो.

डॉक्टरीणबाईने सुई भरली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "तक्ता खोटा आहे. खुणा मी रविवारी बसून केल्या. चार महिने त्याला नुसतं चिकन दिलंय."

डॉक्टरीणबाई रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिने फक्त सुई खाली ठेवली. "बरं झालं सांगितलंत. म्हणजे मूत्रपिंड नाही, कॅल्शियम कमी पडून पाठ मऊ झालीय. सुधारेल तो. वेळ लागेल."

पिशवी सावरत बाई दाराशी आल्या. काकांना ओलांडूनच जावं लागणार होतं. त्यांच्यासमोर त्या थांबल्या, पण मान काही वर होईना.

"तुमचा तक्ता... मी फाडायला नको होता."

"आहे अजून, मॅडम," काका म्हणाले. "तुकडे चिकटवून भिंतीवर लावलाय. आता रोजच्या रोज भरतो. बरेचसे खण कोरेच राहतात. सोमवारी तसाच आणू का?"