पाहुण्याची वर्दी

शिक्का मारण्याआधी आमचे हेडक्लार्क त्याच्यावर तोंडाची वाफ सोडायचे. 'हाऽ' असा लांब आवाज व्हायचा. शाईचा पॅड कालच भरलेला असला तरी ही वाफ चुकायची नाही. मग शिक्का कागदावर टेकवायचा, अंगठ्याने चारी बाजूंनी दाबायचा आणि समोर ताटकळलेल्या पोराला सांगायचं, "कागद पुरा करा. माणसाचं मग बघू."

तुमच्याही कचेरीत असा एखादा हेडक्लार्क असेल, आणि त्याच्यावर चिडण्यात तुम्हीही बरीच वर्षं घालवली असतील. मी आमच्या कॉलेजची ग्रंथपाल. एकदा माझा रजेचा अर्ज त्यांनी परत पाठवला, कारण मी 'आजारपण' लिहिलं होतं, आजार लिहिला नव्हता. पण सकाळी मी चौलला रिक्षात चढायची तेव्हा ते रेवदंड्याहून आधीच बसलेले असायचे आणि शेजारची जागा त्यांनी पिशवी ठेवून धरलेली असायची. त्यामुळे आमचं भांडण दुसऱ्या दिवशीच्या रिक्षापर्यंत टिकत नसे.

पुढे आमच्या कॉलेजला जागतिक व्हायची हुक्की आली. फाटकावर पृथ्वीच्या गोलाचा फलक लागला, गोलाच्या वर आमच्या संस्थापकांचा फोटो. पहिल्याच वर्षी आफ्रिकेतून पाच मुलं आली. त्यांच्याबरोबर फोटो काढायला सगळे प्राध्यापक हजर होते. या मुलांच्या व्हिसाचं काम कोण बघणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मात्र सगळ्यांना आपापले तास आठवले. काम हेडक्लार्कांच्या गळ्यात पडलं.

त्यांनी ते मन लावून शिकून घेतलं. दाखल असल्याचा दाखला, राहण्याचा दाखला, हजेरीचा दाखला. शिवाय व्हिसाची मुदत दर वर्षी वाढवून घ्यायची. नियमही एका जागी बसत नसत. आज कागद हाताने नेऊन द्यायचा, उद्या तो कॉम्प्युटरवर चढवायचा, परवा दोन्ही. पावसात ते मुलांच्या फायली प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत पोटाशी धरायचे आणि स्वतः भिजत जायचे. मुलांशी ते मराठीतच बोलत. त्या पोरांचा मराठीतला पहिला शब्द 'झेरॉक्स' आणि दुसरा 'उद्या'.

पाचांमधला सुदानचा यासिर अभ्यासात सगळ्यांच्या पुढे. ग्रंथालयात खिडकीजवळ बसायचा आणि उठताना खुर्ची उचलून आत ठेवायचा. ही एवढीशी गोष्ट माझ्या सबंध नोकरीत मी फार थोड्या मुलांत पाहिली. तो दुसऱ्या वर्षाला असताना त्याच्या देशात लढाई पेटली. आईवडील निसटून कैरोला नातेवाइकांकडे गेले, मागे घराचं काय झालं ते कळेना. त्या वर्षीच्या अर्जात 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी तो अडला.

"सर, घर आता नाय."

"पडलं काय?"

"माहीत नाय."

हेडक्लार्कांनी त्या रकान्यावर बोट टेकवलं. मग म्हणाले, "जुना पत्ता लिही. घर पडलं तरी पत्ता पडत न्हाय."

यासिर शेवटच्या वर्षात आला तोवर बाकीची चौघं कुणी छोटा अभ्यासक्रम संपवून, कुणी कंटाळून निघून गेली होती. गणपतीला वसतिगृह ओस पडलं, खानावळ बंद झाली. हेडक्लार्क यासिरला आपल्या घरी रेवदंड्याला घेऊन गेले. पाच दिवसांचा गणपती. आरतीला तो मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि ऋषीची भाजी त्याने दोनदा मागून घेतली. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी त्याला ताप भरला. डेंग्यू निघाला. वहिनी, म्हणजे हेडक्लार्कांच्या पत्नी, कुणाला विचारत बसल्या नाहीत.

"तिथं त्याला पाण्याचा पेला तरी कोण देईल? बरा होईस्तोवर हितंच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

पाच दिवसांचे सव्वीस दिवस झाले. अंगात जरा ताकद आल्यावर तो रिक्षात आमच्या दोघांच्या मधे बसून कॉलेजला यायचा, वहिनींनी दिलेला डबा मांडीवर घेऊन.

मुदतवाढीचा अर्ज भरायला दोघे माझ्याकडे ग्रंथालयात आले, कारण कचेरीतला कॉम्प्युटर नेहमीप्रमाणे बंद होता. गेल्या वर्षभरात कुठे कुठे राहिलात, असा एक प्रश्न होता. यासिरने वसतिगृहाचा पत्ता टाकला आणि मग मोठ्या आनंदाने रेवदंड्याचा. मी सहज हेडक्लार्कांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

परदेशी माणूस कुणाच्याही घरी मुक्कामाला आला, तर घरमालकाने चोवीस तासांच्या आत तशी वर्दी द्यायची, असा नियम आहे. तो नियम वसतिगृहाच्या फलकावर स्वतः हेडक्लार्कांनी चिकटवला होता, शिक्क्यासकट. पण गणपतीला आलेल्या पाहुण्याची वर्दी कोण देतं हो? आमच्याकडे त्या दिवसांत घरटी वीस माणसं झोपतात. त्यातली चार कोण, हे घरच्यांनाही धड सांगता येत नाही. हेडक्लार्कांच्या मनात तो नियम हॉटेलांसाठी होता, भाडेकरूंसाठी होता. यासिर पाहुणा होता.

"हा पत्ता गाळा," मी म्हटलं. "कुणाला कळतंय?"

"म्याडम, खोटा कागद माझ्या हातून जायचा न्हाय."

"अहो, त्याचं शेवटचं वर्ष आहे."

"म्हणूनच सांगतोय. घर माझं, वर्दी मी द्यायची होती. चूक माझी, शिक्षा मला. पोराचा काय संबंध?"

यासिर आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघत होता. हेडक्लार्कांनी चूक कबूल करणारं पत्र तिथेच बसून लिहिलं, सही केली आणि सवयीने शिक्का काढला. मग हे पत्र कॉलेजचं नाही, आपलं आहे, हे ध्यानात येऊन तो परत खिशात ठेवला. मला त्यांचा राग आला होता. मी तेव्हाच ती ओळ खोडून टाकायला हवी होती, असं मला आजही वाटतं. मी खोडली नाही, कारण त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं.

महिन्याभराने परदेशी लोकांच्या नोंदणी कचेरीतून बोलावणं आलं. मीही सोबत गेले. अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला. त्या वाईट नव्हत्या, हे मुद्दाम लिहिते.

"सर, तुमचं पत्र वाचलं. तुमच्यावर काही कारवाई नाही. फक्त समज देतोय."

"आणि पोराचं?"

"राहण्याची जागा बदलली आणि कळवली नाही. ती जबाबदारी त्याचीही होती. मुदतवाढ नामंजूर झालीय, वरूनच. त्याने आपल्या देशात जावं आणि तिथून नव्याने अर्ज करावा."

"तिथून म्हंजे कुठून?"

बाईंनी फाइल उलटून पाहिली. "कायमचा पत्ता दिलाय ना त्याने."

परतीच्या रिक्षात ते फाइलची दोरी सोडत-बांधत बसले. त्यांनीच लिहायला लावलेल्या त्या जुन्या पत्त्याची आठवण मी काढली नाही.

त्यानंतर ते त्या कचेरीत तीनदा जाऊन आले. प्राचार्यांनी एक गुळमुळीत पत्र दिलं. जरा ठणकावून लिहा म्हटलं, तर म्हणाले, "एका मुलापायी कॉलेजची मान्यता घालवू काय?" पुढच्या वर्षापासून त्यांनी परदेशी प्रवेशच बंद केले. परवानग्या, अहवाल, चौकश्या, कुणी सांगितलंय हे झेंगट? फाटकावरचा पृथ्वीचा गोल उतरवला. तो आता सायकल स्टँडच्या गळक्या पत्र्याखाली लावलेला आहे.

यासिरला कैरोला आईवडिलांकडे जायची सोय कशीबशी झाली. पदवीला एक सत्र उरलं होतं. निघण्याआधी तो गुणपत्रिकांच्या प्रती घ्यायला आला. हेडक्लार्कांनी एकेका प्रतीवर शिक्का मारला. वाफ सोडली नाही. शिक्के फिकट उमटत होते आणि ते तसेच पुढचा कागद घेत होते. यासिरने गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, शर्टाच्या आत पोटाशी धरला आणि विचारलं, "सर, कागद पुरा हाय ना?"

"पुरा हाय," ते म्हणाले. त्यापुढचं नेहमीचं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. रिक्षात आता माझ्या शेजारी कुणीही बसतं.

यंदा गणपतीला मी रेवदंड्याला त्यांच्या घरी गेले. ते पडवीत खुर्ची टाकून बसले होते, पुढे स्टुलावर एक लांबट वही. खूप थकलेत. मी चपला काढल्या तर म्हणाले, "म्याडम, आधी वही."

वहीत रकाने आखलेले होते. नाव, कुठून आलात, कधी आलात, कधी जाणार. आतून वहिनी हसत म्हणाल्या, "लिवा बाय. लिवल्याबिगर या घरात मोदक मिळत न्हाय." पुतण्यांनी टिंगल करायला सिनेमातल्या नटांची नावं लिहून ठेवली होती. तीही त्यांनी खोडली नव्हती, पुढे फक्त 'खात्री केली नाही' असं बारीक अक्षरात लिहिलं होतं.

मी हसत हसत पानं मागे उलटली. पहिल्या पानावर पहिलं नाव यासिरचं होतं, हेडक्लार्कांच्या टपोऱ्या अक्षरात. कुठून आलात, तिथे त्याच्या गावाचा तोच जुना पत्ता. आल्याची तारीख त्या वर्षीच्या गणपतीची. शेवटचा रकाना कोरा.

मी चालू पानावर माझं नाव लिहिलं, जाण्याच्या रकान्यात 'आज संध्याकाळी' लिहिलं. त्यांनी वही आपल्याकडे वळवली, माझ्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पुरा हाय. जा आत, जेवून घ्या."

मला राहवलं नाही. "पहिल्या नावापुढे जायची तारीख राहिलीय," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि हातातच ठेवला.

"तो गेला न्हाय, म्याडम. आमच्या घरातनं पाहुणा असा जात न्हाय. त्याला मी घालवला."

आतून वहिनी पानं मांडल्याची हाक देत होत्या. आम्ही दोघंही लगेच उठलो नाही.