जूनमधला कटला

वाळूजच्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सगळे पाय मोकळे करायला बाहेर पडत, तेव्हा खरात साहेब टेबलाच्या खणातून एक बारीक कानस काढून मासे धरायचे गळ घासत बसत. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांना विचारलं, "धार लावताय का?"

"नाय मॅडम, काढतोय. गळाला आतून एक उलटा काटा असतो. त्यानं माशाचा जबडा फाटतो. तो घासला की गळ अलगद निघतो. मासा परत घरी जायला पायजे ना!"

भास्कर खरात आमच्या जनसंपर्क विभागाचे प्रमुख. राहायला उस्मानपुऱ्यात. दर रविवारी सकाळी स्कूटरला रॉड बांधून ते पैठणच्या वाटेला लागत, नाथसागर धरणाच्या काठावर बसत आणि दुपारी रिकाम्या पिशवीने परतत. धरलेला प्रत्येक मासा सोडून देत. त्यांच्या पत्नी सुमनताई मात्र मासे खाण्याच्या भारी शौकीन. त्या म्हणायच्या, "गल्लीला वाटतं, या बाईची चंगळ आहे. आणि मी बाजारात वाम घ्यायला रांगेत उभी!" त्यावर साहेबांचं ठरलेलं उत्तर असे, "खाल्ला की किस्सा खतम. सोडला तर चालू राहतो."

नाथसागराच्या काठावर काशीनाथ नावाचा मासेमार त्यांचा दोस्त होता. त्याच्या वस्तीजवळ एक ओढा धरणाला मिळतो. पावसाळ्यात अंडी घालायला मासे त्या ओढ्याच्या तोंडाशी चढतात आणि जाळीही नेमकी तिथंच लागत. साहेबांना हे फार लागे. कंपनी तेव्हा समाजकार्यासाठी काहीतरी शोधत होती. त्यांनी कल्पना मांडली: पावसाळ्यात वस्तीने ओढ्याच्या तोंडाशी जाळं लावायचं नाही, त्याबद्दल कंपनीने घरटी मदत द्यायची, आणि हिवाळ्यात कंपनीच्या नावाने गळाने मासे धरायची स्पर्धा घ्यायची. धरलेला मासा मोजून लगेच पाण्यात.

वस्तीला पटवायला ते स्वतः घरोघर फिरले. काशीनाथ म्हणाला, "साहेब, कंपनी आज हाय, उद्या नाय."

"मी हाय ना. माझी जबान घे."

पहिल्या दोन स्पर्धा देखण्या झाल्या. स्पर्धकाने माशाला हात लावायच्या आधी तो ओला केलाच पाहिजे, असा साहेबांचा नियम होता. विसरला कोणी तर ओरडत, "कोरडा हात म्हंजे त्याला चटका बसतो, भाऊ!" पंच म्हणून वस्तीतलीच माणसं होड्यांवर बसलेली. पावसाळ्यानंतर ओढ्याच्या उथळ पाण्यात पिल्लं मोहरी उधळल्यासारखी दिसली, तेव्हा साहेब काठावर उकिडवे बसून कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.

मग कंपनीत नवे मोठे साहेब आले. त्यांना स्पर्धा पर्यावरण दिनाला हवी होती. त्या बैठकीला मी होते. खरात साहेब म्हणाले, "सर, जून म्हणजे माशांचं बाळंतपण. पोटात अंडी असतात."

"मग डोहाळजेवण करू या की, खरात!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. खरात साहेबही कसनुसं हसले. जिन्यात मी त्यांना म्हटलं, "अजून बोलायला हवं होतं तुम्ही."

"ताणलं तर वस्तीची मदत तुटंल, मॅडम. एवढं एक साल जाऊ द्या."

पर्यावरण दिनाला काठावर मांडव, लाल गालिचा आणि 'जलसृष्टी वाचवू या' असा भलामोठा फलक होता. शहरातल्या एका व्यापाऱ्याच्या गळाला मोठी कटला मादी लागली. ती लगेच सोडायची, तर आयोजकांनी तिला व्यासपीठावरच्या काचेच्या टाकीत ठेवलं. प्रमुख पाहुण्यांसोबत फोटो हवा होता आणि पाहुणे वाटेत होते. साहेब पुन्हा पुन्हा जाऊन सांगत होते, "ऊन लई आहे, सोडा तिला." उत्तर एकच, "पाचच मिनिटं, सर."

पाहुणे आले तोवर ती उलटी झाली होती. पाहुण्यांनी आणि त्या व्यापाऱ्याने तिला उचलून धरलं, टाळ्या झाल्या, आणि तिच्या पोटातली अंडी लाल गालिच्यावर ठिबकू लागली.

साहेबांनी तिला त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं आणि बुटांसकट पाण्यात उतरले. कल्ल्यांतून पाणी खेळावं म्हणून तिला मागेपुढे हलवत राहिले. शेवटी काशीनाथ त्यांच्याजवळ गेला. "साहेब, सोडा आता. गेली ती."

दुसऱ्या दिवशी तोच फोटो कंपनीच्या नावासकट पेपरात आला. पावसाळ्याच्या तोंडावर वस्तीची मदत खर्चकपातीत गेली. स्पर्धा मात्र पुढच्या वर्षी आणखी भव्य करायचं ठरलं. साहेब वरिष्ठांकडे खेटे घालून दमले, मग त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. त्यानंतर ते पैठणच्या वाटेला कधी गेले नाहीत. काशीनाथचा फोन आला तर तो वाजू देत. मी घरी गेले की सुमनताई म्हणायच्या, "तुम्ही तरी सांगा, एकदा भेटून या म्हणावं." साहेब खिडकीबाहेर पाहत. "कुठल्या तोंडानं जाऊ? जबान कंपनीची नव्हती, मॅडम. माझी होती."

या श्रावणात त्यांचं हृदय अचानक थांबलं. दिवसकार्य झाल्यावर काशीनाथला सांगायला सुमनताई आणि मी गेलो. ओढा दुथडी भरून वाहत होता आणि त्याच्या तोंडाशी एकही जाळं नव्हतं. काशीनाथने ऐकून पाण्याकडे तोंड करून हात जोडले. मग मी जाळ्यांचं विचारलं.

"पैसे बंद झाले तरी बी नाय लावलं," तो म्हणाला. "वस्तीनंच ठरवलं. साहेब त्या मासळीला घेऊन पाण्यात उभे होते, ते बायापोरांनी पाह्यलं व्हतं. त्यानंतर तिथं जाळं टाकायला कुणाचा हात होईना."

"मग त्यांना कळवायचं ना, भाऊ!" सुमनताई कळवळून म्हणाल्या.

"फोन केले की वहिनी. उचलला नाय. मग म्हणलं, रागावले असतील आमच्यावर. पावसाळा आला की वाटायचं, औंदा येतील. आल्यावर दाखवू."

 परतताना गाडी वाटेतल्या बिडकीनच्या पुढे आली, तेव्हा सुमनताई स्वतःशीच म्हणाल्या, "एवढासा तर रस्ता होता."