न पिणाऱ्यांचं लिव्हर

"मला काही होणार नाही, मी थेंबभरही दारू घेत नाही," असं म्हणून केविनने भावाचा फोन ठेवून दिला होता. तो भाऊ, डेनिस, माझ्यासमोर बसून हे सांगत होता आणि मी मनात म्हणत होते, अरे बाबा, इथे दारूचा संबंधच काय?

मी ट्रॉयला, म्हणजे डेट्रॉइटच्या शेजारी, जेनेटिक काउन्सेलर आहे. घराण्यातून उतरणारे आजार शोधायचे आणि ते लोकांना समजावून सांगायचे, हे माझं काम. नागपूरच्या माझ्या मावशीला अजूनही वाटतं की मी पत्रिका बघते.

डेनिस गाड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याला हिमोक्रोमॅटोसिस निघाला होता. नाव अवजड, पण गोष्ट साधी आहे. शरीर अन्नातलं लोह प्रमाणाबाहेर घेत राहतं आणि ते लिव्हरमध्ये, सांध्यांमध्ये साठत जातं, कातडीही तांबूस पडते. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जीन आलं तरच हा आजार होतो, पण आयरिश लोकांत ते जीन इतकं सर्रास आहे की पिढ्यान् पिढ्या जोडी जमत राहते. उपचार ऐकून हसाल. अधूनमधून पिशवीभर रक्त काढून टाकायचं, बस. वेळेत कळलं तर माणूस म्हातारा होतो. नाही कळलं तर लिव्हर जातं.

सख्ख्या भावाला तो असण्याची शक्यता बरीच, म्हणून केविनची टेस्ट व्हायलाच हवी होती. पण आम्हाला नातेवाइकांना स्वतःहून फोन करता येत नाही. जे काय सांगायचं ते पेशंटच्या तोंडून. आणि केविन ऐकेना, कारण त्याच्या डोक्यात लिव्हर म्हणजे दारू आणि दारू म्हणजे वडील. वडील मायकल पन्नाशीतच लिव्हरने गेले. त्यांना घरात कोणी पिताना पाहिलं नव्हतं. पण हॉस्पिटलने दारूच धरली, आणि घरच्यांनी ठरवून टाकलं की कामावर चोरून पीत असणार. केविन तेव्हा कॉलेजात होता. शेवटी तो त्यांना भेटायलाही गेला नाही.

मी म्हटलं, या घराण्याचा इतिहास मुळापासून काढू या. आमचे डॉक्टर देशपांडे, क्लिनिकबाहेर काका, वैतागले.

"अगं, अर्ध्या तासाची अपॉइंटमेंट असते. तू काउन्सेलर आहेस की हेळवी?"

हेळवी म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगणारे. मी म्हटलं, काका, हेळव्याचं लोक निदान ऐकून तरी घेतात. हसले, आणि वेळ दिला.

डेनिसचे आजी-आजोबा आयर्लंडमधून उत्तर इंग्लंडमधल्या एका कापडगिरण्यांच्या गावी आले होते. मायकल तिथून अमेरिकेला आले. मागे राहिलेल्यांपैकी आता एकटी आत्या उरली होती, नोरा, नव्वदीला टेकलेली. डेनिसने तिच्याशी आमच्या क्लिनिकमधून व्हिडिओ कॉल ठरवला. केविनला डेनिसने फक्त "आत्या येणार आहे" एवढंच सांगितलं. आत्यावर त्याचा जीव, म्हणून आला, पण दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि माझ्याकडे बघेचना.

आणि काय बाई ती. सुरुवातीलाच आमचा माइक बंद पडला. मी हातवारे करायला लागले तर म्हणाली, तू बोल, मला कळतंय. मागांच्या खडखडाटात गिरणीतल्या बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायच्या, त्यातली ती. माझं नागपुरी इंग्लिश इथे जन्मलेल्या माझ्या पोरीला आवाजासकट कळत नाही, ते हिला बिनआवाजाचं कळलं. मी तिथेच तिची फॅन झाले.

माइक सुरू झाल्यावर मी विचारत गेले आणि कागदावर वंशावळ काढत गेले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. आजोबा गॅसच्या कारखान्यात भट्टीत फावड्याने कोळसा टाकायचे. आजी पहाटे गिरणीत जायची आणि परत येऊन चुलीशी उभी राहायची. भाड्याच्या दोन खोल्यांत अख्खं खटलं, त्यात आयरिश म्हणून शेजारी नाकं मुरडणार. तरी एक पोर शाळेविना राहू दिलं नाही.

कागदावर आजार उघड दिसत होता. पुरुष तरुणच गेलेले, बायका म्हाताऱ्या झालेल्या. तेही बरोबर, कारण पाळी आणि बाळंतपणांत बायकांचं लोह आपोआप कमी होतं. एकच चौकोन खटकत होता, नोराच्या दुसऱ्या भावाचा, नाव 'जो'. त्याचीही बोटं दुखायची, कातडी तशीच तांबूस, आणि तरी गडी ऐंशी पार. मी विचारलं, हा कसा वाचला? नोरा हसायला लागली. जो म्हणजे महाचिकट माणूस. कारखान्यात रक्तदानाची गाडी आली की हा सगळ्यात पुढे, कारण रक्त दिलं की चहा-बिस्किटं फुकट. घरचे त्याला चिडवायचे, पण त्याने ते आयुष्यभर सोडलं नाही.

त्याची टेस्ट कधी झालेली नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. पण माझ्या मते फुकटच्या चहापायी हा माणूस वर्षानुवर्षं स्वतःवर उपचार करून घेत होता.

मग मी दारूचं विचारलं. नोराचा आवाज एकदम कडक झाला. तिच्या वडिलांनी चर्चमध्ये दारू न पिण्याची शपथ घेतली होती आणि मुलांनाही घ्यायला लावली होती. तरी ते गेले तेव्हा डॉक्टर म्हणाला, आयरिश ना, मग पीतच असणार.

"आणि माझे वडील?" केविन पहिल्यांदाच बोलला.

"मायकल लग्नातसुद्धा लिंबूपाणी प्यायचा, बाळा. मी तुझ्या आईला सांगितलं होतं. तिला वाटलं, मी भावाला पाठीशी घालतेय."

केविन माझ्याकडे वळला. "काय केलं असतं तर ते जगले असते?"

अशा प्रश्नाला गोलमोल उत्तर कसं द्यायचं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मला ते जमत नाही. मी म्हटलं, "लवकर कळून रक्त काढलं असतं तर. बहुतेक जगले असते."

तो उठला आणि निघून गेला. डेनिसने कपाळाला हात लावला. मलाही वाटलं, मी माती खाल्ली. नंतर लॅबमधून फोन आला की एक गृहस्थ डॉक्टरांची ऑर्डर नसताना बाही वर करून बसलेत आणि हलायला तयार नाहीत.

टेस्ट पॉझिटिव्ह आली. लोह वाढलेलं होतं, लिव्हर मात्र शाबूत. आता केविन नियमाने रक्त काढून घेतो. पहिल्या वेळी मी बाजूला उभी होते. तो त्या भरत जाणाऱ्या पिशवीकडे बघत म्हणाला, "बापाला एवढंच हवं होतं. आणि मी त्याला भेटायलाही गेलो नाही."

तेव्हापासून कुणी सांगितलं की घरात अमका दारूने गेला, की मी आधी विचारते, त्याला पिताना पाहिलं कोणी?