देवाच्या दारावर उभा मित्री

मित्रीला समुद्र बसून पाहणं जमत नसे. तो म्हणायचा, बसलं की पाण्यात नुसतं आभाळ दिसतं; उभं राहिलं की आभाळ बाजूला सरतं आणि तळ दिसतो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीही तो रोज सकाळी आपल्या हसक्यावर उभा राहून खाडीत शिरायचा.

हसका म्हणजे धड होडी नव्हे आणि नुसती फळीही नव्हे. दोन माणसांएवढा लांब, चपटा, पोटात पोकळ. वर माणूस अनवाणी उभा राहतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं लांब वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घालतो. मित्रीचा हसका त्याच्या बापानं चर्चच्या जुन्या दरवाजाच्या लाकडाचा केलेला. त्यावरून गावचे पाद्री त्याला टोमणा मारायचे, "मित्री रोज देवाच्या दारावर उभा असतो, पण आत काही येत नाही."

बाहेर समुद्र कितीही गुरगुरला तरी खडकांच्या आत पाणी झोपलेल्या जनावरासारखं संथ श्वास घ्यायचं. तो श्वास मित्रीच्या तळपायांना कळायचा. वल्हवता वल्हवता त्याला वाटायचं, आपण पुढं जातच नाही. खालचे हिरवे दगड, पिवळं गवत, वाळूवरच्या उन्हाच्या जाळ्या, हेच सगळं आपल्या पायांखालून कुठंतरी निघालंय.

बायको गेल्यापासून तो एकटा होता. एकुलती मुलगी वदाद त्रिपोली शहरात नांदत होती. ईस्टरच्या जेवणात तिनं सगळ्यांसमोर त्याला धरलं. "बाबा, एकदा जरी पडलात ना, तरी कायमचं माझ्याकडे यायचं. चौथ्या मजल्यावर. समुद्र दिसतो खिडकीतून."

"मी पडलोय कधी?"

"म्हणून तर म्हणते. मिशीला हात लावून सांगा."

आमच्याकडे मिशीला हात लावून दिलेला शब्द मोडणारा माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही. मित्रीनं मिशी चिमटीत धरली आणि वर हसलासुद्धा.

सप्टेंबरातली सकाळ. वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या पडल्या होत्या, तळ दिसेना. अशा वेळी आमचे लोक ऑलिव्हच्या तेलाचे चार थेंब पाण्यावर शिंपडतात. तेल पसरतं तेवढ्यापुरतं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. मित्रीनं बाटलीतून चार थेंब शिंपडले. सुरकुत्या विरल्या आणि खालचं जग उघडलं. एका कपारीत ऑक्टोपस बसला होता, दगडाचा रंग पांघरून, एक डोळा उघडा ठेवून. मित्री त्या डोळ्याकडे बघत राहिला. किती वेळ, कोण जाणे. हातातली बाटली तिरकी झालीय, तेल मनगटावरून, कोपरावरून टाचेपाशी ठिबकतंय, याचं त्याला भानच नव्हतं.

वल्हं घालायला म्हणून त्यानं पाय सरकवला, आणि पुढच्या क्षणी तो पाण्यात होता.

खडकातल्या मिठागरात हेलानी मीठ ओढत होती. ती आणि मित्री एकाच वर्षी जन्मलेली, भांडतच म्हातारी झालेली. ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "मित्री! तेल ओतून उडी मारलीस? स्वतःलाच तळायला निघालास काय रे?"

मित्री खोकत, थुंकत हसक्याला लोंबकळला. त्याचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. ईस्टरच्या जेवणाला तीही होती.

"मी काही पाहिलं नाही," ती हळूच म्हणाली. "सकाळचं ऊन डोळ्यांवर होतं."

"ऊन तुझ्या पाठीला आहे, हेलानी."

"मग पाठीनं पाहिलं नाही. घरी जा, कपडे बदल."

तीन दिवस त्यानं हसका पाण्यात घातला नाही. रविवारी वदाद आली. कॉफी ओतून होण्याआधीच तो म्हणाला, "मी पडलो."

वदादनं कपात पाहिलं, मग त्याच्या गुडघ्यांकडे. "कसे?"

त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली. "तेल नसतं तर पडला नसतात?"

"ते मला ठाऊक नाही, पोरी. इतकी वर्षं तेल घेऊनच जातोय. यंदाच हात वाकडा झाला." तो थांबला. "शब्द दिलाय. पिशवी भरून ठेवलीय."

दारामागं खरंच पिशवी होती. वदाद ती पाहत उभी राहिली, मग चप्पल काढून किनाऱ्याकडे निघाली. "मला पुढं बसवा," ती म्हणाली. "लहानपणी बसवायचात तशी."

खडकापासून सुटताना त्याचा तोल जरा गेला, हसका डुलला. तिनं ते पाहिलं. पण पाणी खोल झालं तसे पाय स्थिर झाले, अंगठे लाकडाला रुतले, वल्हं आवाज न करता आत-बाहेर होऊ लागलं. वारा नव्हता. दोघं हिरव्या उजेडावर तरंगत होती, हसक्याची सावली बरीच खाली वाळूवरून त्यांच्यासोबत चालली होती.

"डिसेंबरातल्या सेंट बार्बराच्या सणापासून ईस्टरपर्यंत माझ्याकडे," वदाद मागं न बघता म्हणाली. "थंड पाण्यात पडलात तर काढायला कोण आहे? उन्हाळा तुमचा. पण हेलानीमावशी मिठागरावर असेल तेव्हाच उतरायचं."

"ती सारखी टोमणे मारते."

"मारू दे. बाबा, विषय बदलू नका."

मित्रीनं वल्हं आडवं धरलं. हसका आपोआप थांबला.

"शब्द कायमचा होता."

"शब्द घेणारी मी आहे ना? मग मीच अर्धा परत देते."

पाण्याखालून चंदेरी माशांचा थवा गेला, सगळा एकदम वळला.

"मान्य," तो म्हणाला. "पण चौथ्या मजल्यावर मला खिडकीपाशी खुर्ची देऊ नकोस. मी उभाच राहीन."