वधूकक्षातली माझी कॉपी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच थांबवलेलं मला चालत नाही. आणि चहा घ्या, गार होतोय.

तर मी आयुष्यात एकदाच कॉपी केली. तीही वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मंगल कार्यालयात, नवरीच्या खोलीत बसून! आणि पकडली कोणी? कोणीही नाही. मीच भर दवाखान्यात उभं राहून स्वतःला पकडून दिलं. आता बोला!

पण असं तुकड्यातुकड्याने नको, पहिल्यापासून सांगते.

मी संगमनेरजवळच्या अकोले गावात एकटी राहते. एकतीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं आणि दर मार्चला दहावीच्या परीक्षेला वर्गात पहारा दिला. कॉपी करणारं पोर मी पाठीवरून ओळखायची. बाहीत चिठ्ठी असलेला हात वेगळाच हलतो, हे तुम्हाला नाही कळणार. लोक म्हणतात, बाई संशयी आहेत. संशयी नाही हो, अनुभवी आहे!

तर गेल्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की लोक हळू बोलायला लागलेत. एक-दोघं नाही, सगळेच! शेजारच्या यशोदाबाईंचा आवाज पूर्वी प्रवरा नदीच्या पलीकडे जायचा, त्या कुंपणावरून नुसते ओठ हलवायला लागल्या. टीव्हीवरची बातम्या देणारी बाई पुटपुटायला लागली. मला वाटलं, सून येऊन गेली तेव्हा तिनेच रिमोटचं काहीतरी केलं असणार. आणि कुकरने तर शिट्ट्याच बंद केल्या! दोनदा दुकानात नेऊन दुकानदाराला झापलं. त्याने माझ्यासमोर पाणी घालून शिट्टी वाजवून दाखवली म्हणे. मला तर नुसती वाफ दिसली.

माझ्या कानांचा संशय आला का? छे! साऱ्या जगाचा आला, कानांचा नाही.

आता खरी गोष्ट. माझा मुलगा महेश आणि सून अश्विनी पुण्याला असतात, पंधरा दिवसांनी इकडे येतात. हल्ली आले, की दोघं मागच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली जाऊन कुजबुजायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. वर्गात दोन पोरं कुजबुजली, की विषय बाईच असतात, हा माझा अनुभव. ओठांवरून थोडं थोडं कळायचं. 'आई' कळायचं. 'एकटी' कळायचं. आणि 'पुणं' तर स्वच्छ कळायचं!

म्हणजे ठरलं. मला उचलून पुण्याला न्यायचा बेत चालला होता.

तुम्ही म्हणाल, मग गेलं तर काय बिघडलं? अहो, सातवा मजला! दारं बंद केलेली माणसं! इथे मी बाजारात निघाले, की किराणावाला, बँकेतला, एसटीतला, सगळे माझेच विद्यार्थी. कोणी पिशवी धरतं, कोणी चुकून अजूनही उभं राहतं. स्वतःच्या दाराची किल्ली स्वतःच्या कमरेला आहे. ती सोडून मुलाच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून राहायचं? मला भीती वाटत होती. कोणाला सांगितली नाही, पण वाटत होती.

अशात एका रविवारी सकाळी यशोदाबाई थेट माझ्या तोंडासमोर येऊन ओरडल्या, "बाई, कार्यालयात कानाचं शिबिर हाय! चला की, फुकाट तपासत्यात!"

"मला कशाला? तुमचे तपासा."

"अवो, दारातून पाच हाका मारल्या तुमाला! शेवटी पायरी चढून यावं लागलं."

"मी विचारात होते."

"रोजच विचारात असता व्हय?"

एवढ्यात दारात गाडी थांबली. महेश आणि अश्विनी! त्यांचा रविवार पुढचा होता, हा नव्हता. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. शेजारीण फितूर, शिबिर हा सापळा! एकदा कागदावर 'हिला ऐकू येत नाही' असं आलं, की हे म्हणणार, आता एकटी कशी राहशील, आणि मला गाडीत घालणार.

मी साडी बदलली, पर्स घेतली आणि म्हटलं, "चला. होऊन जाऊ दे तपासणी!" नापास व्हायची सवय मला नव्हती.

कार्यालयात ही गर्दी! तपासणीला जरा शांतता हवी म्हणून आयोजकांनी मशीन नवरीच्या खोलीत ठेवलेलं, बाहेर 'वधूकक्ष' अशी पाटी. पांढरा कोट घातलेल्या एका मुलीने मला स्टुलावर पाठमोरं बसवलं, कानांवर तो मोठा हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि खुणेनं सांगितलं, आवाज आला की दाबा. मग ती माझ्या मागे मशीनपाशी जाऊन बसली.

मी कान टवकारले. काही नाही. अजून टवकारले. तरी काही नाही! घाम फुटला हो मला. डोळ्यांसमोर तो सातवा मजला दिसायला लागला.

आणि मग मी समोर पाहिलं.

नवरीची खोली ना ती! साडी नीट बसली का, बघायला भिंतभर आरसा लावलेला. आरशात मी, माझ्या मागे ती मुलगी आणि तिचं मशीनवरचं बोट. बोट खाली गेलं. मी बटण दाबलं. पुन्हा बोट खाली, पुन्हा माझं बटण. मान हलवली नाही, नजर मोठी केली नाही. एकतीस वर्षं पोरांनी माझ्यासमोर जे जे केलं, ते सगळं उपयोगी पडलं.

आणि बरं का, शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या पोराचा पेपर मी नेहमी दुसऱ्यांदा तपासायची. म्हणून मी मुद्दाम तीन-चार ठिकाणी चुकले!

रिपोर्ट आला, वयाच्या मानाने कान उत्तम. महेशने तो दोनदा वाचला आणि अश्विनीकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, काय, बसली ना तोंडाला कुलपं?

तिथूनच माझी खरी फजिती सुरू झाली.

संध्याकाळी मी तो कागद यशोदाबाईंना नेऊन दाखवला. मला वाटलं, खूश होतील. त्या कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"म्हंजी तुमाला समदं ऐकू येतंय?"

"अर्थात!"

"मंग मी रोज हाका मारते, तवा मुद्दाम वो देत न्हाई व्हय? लई शिकलेल्या तुमी! ऱ्हाऊ द्या!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडून रोज येणारं ताक बंद. बोलणं बंद. मी काय सांगणार? ऐकू येतं म्हटलं तर उद्धट ठरते, येत नाही म्हटलं तर पुणं!

पुढच्या खेपेला अंगणातली कुजबुज दुप्पट झाली. आता तर अश्विनी मधूनच माझ्याकडे बघायची आणि तिचे डोळे भरून यायचे. मला वाटलं, नाटक. रविवार उरकून सोमवारी सकाळी महेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, संगमनेरला जाऊन बीपी दाखवून येऊ."

बीपी? अकोल्यात बीपीचं मशीन नाही? तरी गाडीत बसले, डोळे उघडे ठेवून. वाटेत पुण्याकडे वळले असते तर उडी मारायची तयारी होती माझी!

गाडी संगमनेरलाच थांबली. पाटी मी दोनदा वाचली. मेंदूचा दवाखाना!

बघा आता त्यांचं गणित. कान उत्तम, हे कागदावर लिहिलेलं. तरीही आई हाकेला ओ देत नाही, विचारलं एक तर सांगते दुसरंच, कुकर जळेपर्यंत बसून राहते. म्हणजे बिघाड कुठे? वर! गणित अगदी बरोबर होतं. फक्त त्याला आकडा मी खोटा पुरवला होता.

डॉक्टर भला माणूस दिसत होता, पण मिशी! दोन्ही ओठ झाकणारी झुबकेदार मिशी! ओठ दिसले तर मी बोलणं ओढून नेते, इथे ओठच नाहीत. ते काहीतरी म्हणाले, मिशी हलली. पहिला प्रश्न नावाचा असणार, म्हणून मी नाव सांगितलं. बरोबर निघालं. दुसऱ्याला वय सांगितलं. तेही जमलं. तिसऱ्याला म्हटलं, "अकोले."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं होतं, आज वार कोणता?

पुढे किती प्रश्न झाले कोण जाणे. मी कधी मान हलवली, कधी हसले. एकदा तर 'ठीक आहे' म्हटलं. आणि सहज बाजूला पाहिलं, तर अश्विनी ओढणीने डोळे पुसत होती. नाटक करणारं माणूस असं भिंतीकडे तोंड करून रडत नाही हो.

तेवढ्यात डॉक्टरांच्या कागदावर माझी नजर गेली. उलटा होता माझ्या बाजूने, पण उलटे पेपर वाचण्यात माझा जन्म गेलाय. तिसऱ्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं, डिमेन्शिया, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

मी ताडकन उभी राहिले.

"डॉक्टर, ते खोडा! आज सोमवार! माझं डोकं शाबूत आहे! मला ऐकू येत नाही!"

महेशने घाईघाईने फायलीतून शिबिराचा रिपोर्ट काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"तो खोटा आहे! मी कॉपी केली!"

"काय?" हे मात्र मला त्याच्या वासलेल्या तोंडावरून कळलं.

"कॉपी! आरशात बघून! तीन-चार ठिकाणी मुद्दाम चुकलेसुद्धा!"

आणि कोणाला शंका राहू नये म्हणून तिथेच एकोणतीसचा पाढा दोनशे नव्वदपर्यंत म्हटला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांची मिशी थरथरत होती, मला वाटलं रागावले. नंतर कळलं, त्यांना हसू आवरत नव्हतं. दाराशी कंपाउंडर आणि बाहेरचे चार पेशंट उभे होते. पाढा सगळ्या मजल्यावर गेला होता म्हणे.

वरच्या मजल्यावर कानाच्या डॉक्टरीण बाई होत्या. त्यांच्याकडे काचेच्या छोट्या खोलीत पुन्हा परीक्षा झाली. बसण्याआधी मीच सांगितलं, "मला भिंतीकडे तोंड करून बसवा." आणि मी नापास झाले, अगदी इमानदारीत, दोन्ही कानांनी.

मग त्यांनी तात्पुरतं वापरून बघायला म्हणून एक मशीन माझ्या कानामागे अडकवलं. काय सांगू! माझ्याच बांगड्या वाजल्या आणि मी दचकले. पिशवी खसखसली. अश्विनी जवळ येऊन म्हणाली, "आई, येतंय का ऐकू?" तिचा आवाज इतका मऊ आहे, हे मी पार विसरले होते. वर्षभर या पोरीवर मी संशय घेतला. मला रडू आलं, आणि ते रडणंसुद्धा मला ऐकू आलं.

परत निघालो. मी मागच्या सीटवर, डोळे मिटून. दोघं पुढे. आणि थोड्या वेळाने त्यांची ती नेहमीची कुजबुज सुरू झाली. वर्षभराची सवय, माझ्या कानामागे मशीन आहे हे विसरले बिचारे! मी श्वाससुद्धा रोखला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा कुजबुज माझ्यापर्यंत पोचत होती.

अश्विनी म्हणाली, "सुटलो बाई! मला धास्तीच होती, डॉक्टर म्हणतात की काय, आईंना एकटं ठेवू नका, पुण्याला न्या."

महेश म्हणाला, "मला पण. वर्षभर तोच घोर होता. अगं, सोसायटीने आपल्यालाच घराबाहेर काढलं असतं. ती मनात म्हणून जे बोलते ना, ते चार घरांना ऐकू जातं."

"मागे एकदा यशोदाबाईंच्या तोंडावर त्यांच्या ताकाला पाणचट म्हणाल्या."

"आणि तिला वाटतं, ती मनात म्हणाली!"

मी गार! म्हणजे संशय माझा खरा होता, कुजबुज माझ्याबद्दलच होती. फक्त ज्या पुण्याला जायचं नाही म्हणून मी कॉपी केली, ताक घालवलं, वेडी ठरता ठरता वाचले, त्या पुण्याला मला न्यायचं कोणाच्या मनातच नव्हतं! उलट ते दोघं माझ्यापेक्षा जास्त घाबरले होते!

असा राग आला म्हणता! पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. डोळे तसेच मिटलेले ठेवले आणि अगदी आत, मनातल्या मनात म्हटलं, "कोण मेलं येतंय तुमच्या पुण्याला!"

महेशने कचकन ब्रेक दाबला. दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आणि मी डोळे उघडून दोघांकडे. कारण ते वाक्य या वेळी मलाही ऐकू आलं होतं.