पंचा टाकून धरलेली जागा

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत, नुसती तळीच तळी आहेत. रस्ता नाही, मोटरबोट नाही, फोनला रेंज नाही. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर आपली कनू, म्हणजे वल्ह्याची लांब होडी, डोक्यावर घेऊन जंगलातून चालायचं. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या, पण त्यांचं बुकिंग नाही. जो आधी पोहोचेल त्याची. आमचे हे नोव्हाय गावी इंजिनिअर, त्यामुळे तंबूची जागा निवडायचेही त्यांचे नियम. वर वाळकं झाड नको, जमीन सपाट हवी, वारा खेळता हवा म्हणजे डास कमी. आणि दुपारी दोनच्या आत जागा धरायची, कारण त्यानंतर दमलेला माणूस मिळेल ते गोड मानून घेतो.

मला या खेपेला एकच जागा हवी होती. पाच वर्षांपूर्वी आम्ही एका बेटावर उतरलो होतो. पाण्यात उतरत गेलेला ओट्याएवढा सपाट खडक, मागे पाइनची झाडं. त्या खडकावर पाय पाण्यात सोडून आमची लेक बसली होती आणि मेतकूट-भात संपवून "आई, अजून आहे?" म्हणून विचारत होती. एरवी भात म्हटलं की नाक मुरडणारी पोरगी! फोन पिशवीत बंद होते, त्यामुळे फोटो एकही नाही. पुढे ती नोकरीला सिएटलला गेली. रविवारचा फोन दहा मिनिटांवर आला आणि "आय हॅव टू गो, आई" हे त्यातलं शेवटचं वाक्य ठरून गेलं. फोन ठेवला की मी मनाने त्या खडकावर जाऊन बसायची. यंदा तिने आपणहून "येते" म्हटलं, आणि मी त्याच दिवशी मेतकुटाच्या डाळी भाजायला घेतल्या. तीच जागा आणि आम्ही तिघं, बास, एवढंच हवं होतं मला.

तिसऱ्या दिवशी त्या तळ्यावर पोहोचलो, तेव्हा दीड वाजला होता. सामान अजून मागच्या तळ्याच्या काठावर होतं, आणायला दोन खेपा तरी लागणार. माझा जीव वरखाली होत होता. शेवटी हे म्हणाले, "तुम्ही दोघी सामान आणा, मी पुढे जाऊन जागा धरून येतो." रिकामी कनू घेऊन एकटेच गेले आणि तासाभरात हसत परत आले. खडकावर आपला पंचा पसरून, वर दगड ठेवून आले होते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तस्सं!

"बाबा, सीरियसली?" लेकीने कपाळावर हात मारला. "इथे असं नसतं."

नव्हतंच. आम्ही पोहोचलो तर बेटावर एक म्हातारं जोडपं तंबू ठोकून, खुर्च्या मांडून बसलेलं. आयत्या बिळावर नागोबा! आजीबाईंनी पंचा स्वच्छ धुऊन, घडी करून ठेवला होता. कोणीतरी विसरलं असेल असं त्यांना वाटलं. माझ्या तोंडावर आलं होतं, की अहो बाई, नागपूरच्या स्टँडवर भेटला असतात तर दाखवलं असतं. पण त्या इतक्या प्रेमाने पंचा पुढे करत होत्या, की मला नीट भांडताही येईना. आजोबा म्हणाले, मागे अजून एका तंबूपुरती जागा आहे, या. मी उतरायला पाय बाहेर काढला, तेवढ्यात लेक म्हणाली, "नो नो, वी आर फाइन. एन्जॉय!" आणि वल्हं मारून तिने होडी वळवली.

मग मात्र माझा बांध फुटला. "तुला काय जातंय नाही म्हणायला! पाच वर्षं मी या जागेची वाट बघतेय. तू तिथे बसली होतीस, भात मागून खाल्ला होतास. तुला काहीच कसं आठवत नाही गं?"

पुढे बसलेली लेक मागे वळली. चिडलेली नव्हती. हळूच म्हणाली, "आई, मी नव्हते त्या ट्रिपला. मी त्या समरमध्ये मॉरिसव्हिलला होते, इंटर्नशिपला. सुट्टी मिळाली नाही म्हणून आदल्या दिवशी मी कॅन्सल केलं. तू फोनवर रडली होतीस."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पाण्याकडे बघत होते.

"अहो?"

"दोघंच होतो आपण," हे म्हणाले. "तू सवयीने तिघांचा भात लावला होतास."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू सांगायचीसच इतकं छान. पहिल्यांदा वाटलं, चूक काढावी. मग मलाही ती तिथे दिसायला लागली."

मी वल्हं आडवं धरून नुसती बसून राहिले. आई आहे मी, आणि माझी पोर कुठे होती नि कुठे नव्हती एवढंही मला धड ठाऊक नसावं? लाज वाटली. आणि लाजेहून जास्त, ती तिथे नव्हती याचं दुःख पाच वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून झालं.

चार वाजता मिळाली ती जागा उताराची होती, मुळंच मुळं वर आलेली. ह्यांचा एकही नियम तिथे बसेना. लेकीनेच तंबू लावला, मला एका ओंडक्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"आई," ती म्हणाली, "मी तिथे काय काय करत होते?"

मला वाटलं, थट्टा करतेय. पण नाही, ती खरंच विचारत होती. मी पदर नसलेल्या जॅकेटच्या बाहीने डोळे पुसले आणि निर्लज्जपणे तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.